गोठणरोधी प्रथिनं : रेतकांडी आणि भ्रूण गोठवताना नेमका उपयोग किती?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मुऱ्हा रेड्याचं वीर्य आणि गीर गाईचे सातव्या दिवसाचे भ्रूण, या दोन्हींच्या गोठवणीत गोठणरोधी प्रथिनं, म्हणजे ज्यांना आपण एएफपी म्हणतो ती, वापरावीत का? वापरायची तर कुठला प्रकार, किती मात्रेत आणि कुठल्या टप्प्यावर?

माझं आत्ताचं मत असं आहे की ही प्रथिनं हळूहळू ग्लिसरॉलची जागा घेतील. ग्लिसरॉल शुक्राणूला विषारीच असतं, आपण ते नाइलाजाने वापरतो. आणि म्हशीचं वीर्य गाईच्या मानाने गोठवणीत जास्त मार खातं. डायल्यूटर (वीर्य पातळ करायचं द्रावण) तोच, फ्रीझर तोच, तरी वितळवल्यावरची हालचाल कमी भरते. माशाच्या रक्तातलं प्रथिन जर बर्फच रोखत असेल, तर ग्लिसरॉल निम्म्यावर आणायला काय हरकत आहे? जळगाव-भुसावळकडचा मे महिना डोळ्यांसमोर ठेवून उत्तर द्या. ४५ अंशांत रेतकांड्या, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळ्या, गावोगाव फिरतात.

हिमकण
तापीकाठ दादा, सुरुवात "बर्फ रोखतं" या शब्दांपासूनच करू. सगळा घोळ तिथे होतो.

अंटार्क्टिकातलं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांला गोठतं. साध्या माशाचं रक्त उणे ०.८ च्या आसपासच गोठून जाईल. तरी तिथले मासे जगतात, कारण त्यांच्या रक्तात साखर जोडलेली प्रथिनं असतात. आर्थर डीव्हराइज यांनी १९६० च्या दशकात मॅकमर्डो साउंडच्या माशांवर हे शोधलं. पुढे प्रकार वाढत गेले. विंटर फ्लाउंडर माशाचं टाइप १ म्हणजे ३७ अमिनो आम्लांचं एक सरळ वेटोळं. सी रेव्हन माशाचं टाइप २. ओशन पाउटचं टाइप ३, गोळीसारखं गुंडाळलेलं, सुमारे ७,००० रेणूभाराचं. किडे याहून पुढे गेले. पिठातल्या अळीचं, म्हणजे टेनेब्रिओचं प्रथिन माशांच्या प्रथिनापेक्षा कितीतरी जोरकस आहे.

आता हिशेब बघा. टाइप ३ चं १० मिलीग्रॅम प्रति मिली द्रावण म्हणजे १.४ मिलिमोल. मीठ-साखरेच्या नियमाने एवढ्याने गोठणबिंदू ०.००३ अंशही खाली जात नाही. प्रत्यक्षात मात्र बर्फाची वाढ सुमारे १ अंश खालपर्यंत थांबते, कारण हे रेणू पाण्यात नुसते विरघळून काम करत नाहीत. ते बर्फाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात. दोन चिकटलेल्या रेणूंच्या मधल्या जागेत बर्फाला फुगवटा घेऊन वाढावं लागतं आणि असा बाकदार पृष्ठभाग वाढायला आणखी गारठा लागतो. रेमंड आणि डीव्हराइज यांनी १९७७ साली मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही पाया म्हणून धरतात.

पण आपण द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ ला जातो. तिथे १ अंशाचा आधार कशाला पुरणार? बर्फ होणारच. म्हणून ग्लिसरॉलची जागा घेण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. ग्लिसरॉल पेशीच्या आत शिरतं, पाण्याची जागा धरतं, क्षारांची तीव्रता आवरतं. ७,००० रेणूभाराचं प्रथिन पेशीच्या पडद्यातून आत जातच नाही. त्याचं काम बाहेरच्या पाण्यात.

साक्रीकर
मना सवाल सोपा से. हाई प्रथिन कोठे भेटस, आनि कितलाले भेटस?

सूक्ष्मदर्शक
साक्रीकर भाऊ, भावाआधी एका कांडीला किती लागतं ते मोजा, मग महाग-स्वस्त कळेल. खाली कोणीतरी मात्रा लिहीलच.

हिमकणांनी अर्धं सांगितलं, उरलेलं मी लिहिते. या प्रथिनाचं आपल्या कामाचं खरं बळ गोठवताना दिसत नाही, वितळवताना दिसतं.

कुल्फीचं उदाहरण घ्या. फ्रीजरमध्ये नीट जमलेली कुल्फी जिभेवर मऊ लागते. दुपारी लोडशेडिंग झालं, दोन तास वीज गेली, पुन्हा आली. कुल्फी परत घट्ट झाली, पण आता दाताखाली खडे लागतात. दूध तेच, साखर तीच. मधल्या काळात बारीक स्फटिक विरघळले आणि त्यांचं पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसलं. मोठे आणखी मोठे झाले. यालाच पुनर्स्फटिकीकरण म्हणतात. ओशन पाउटचं टाइप ३ प्रथिन यीस्टमध्ये तयार करून आइस्क्रीममध्ये घालतात ते याच कारणासाठी, आणि युरोपात त्याला २००९ साली मान्यता मिळाली.

कांडीतही तेच घडतं. उणे १९६ ला काहीच हलत नाही. उणे १३० च्या वर आलं की हालचाल सुरू होते, आणि शून्याच्या जितकं जवळ तितका स्फटिक वाढण्याचा वेग जास्त. शुक्राणू गोठतात ते बर्फाच्या दोन भिंतींमधल्या न गोठलेल्या चिंचोळ्या फटीत. भिंती सरकल्या की ते चेपतात. एएफपी त्या भिंतींना जागच्या जागी धरून ठेवतं, आणि त्यासाठी मिलीग्रॅम लागत नाहीत, मायक्रोग्रॅम पुरतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. १० मायक्रोलिटरचा थेंब साधारण दोन मीटर उंचीवरून कोरड्या बर्फावर (ड्राय आइसवर) ठेवलेल्या कव्हरस्लिपवर पाडायचा. तो पसरून पातळ चकती होते. ती उणे ८ अंशांच्या थंड स्टेजवर ३० मिनिटं ठेवायची आणि आडव्या-उभ्या पोलरायझरमधून पाहायची. नुसत्या सलाइनमध्ये मोठमोठे रंगीत तुकडे दिसतात. प्रथिन असेल तर वाळूसारखी बारीक रवाळ चकती तशीच राहते. एक खबरदारी घ्या. ही चाचणी शुद्ध पाण्यात करू नका, सलाइन किंवा फॉस्फेट बफरमध्येच करा. शुद्ध पाण्यात कुठलंही प्रथिन थोडंफार काम करताना दिसतं आणि फसगत होते.

कांडीवाला
सूक्ष्मदर्शक ताईंशी सहमत, पण "मायक्रोग्रॅम पुरतात" एवढं म्हणून थांबू नका. जास्त झालं तर नुकसान होतं, हे ठळक लिहायला हवं.

मात्रा वाढली की प्रथिन बर्फाच्या कडेच्या बाजू अडवतं आणि बर्फ एकाच दिशेने वाढतो. स्फटिक आधी दुहेरी पिरॅमिडसारखा होतो. अडवण्याच्या मर्यादेखाली तापमान गेलं की त्याच्या सुया निघतात, आणि या सुया पेशींना टोचतात. १९९२ साली कार्पेंटर आणि हॅन्सन यांनी तांबड्या रक्तपेशींवर हेच दाखवलं. थोड्या मात्रेत पेशी जास्त वाचल्या, जास्त मात्रेत काहीच न घातल्यापेक्षा वाईट अवस्था झाली. शस्त्रक्रियेत गाठी गोठवून मारणारे लोक तर हाच दुर्गुण मुद्दाम वापरून पाहतात.

म्हशीच्या वीर्यावर जे प्रयोग झाले, त्यात निली-रावी जातीच्या रेड्यांच्या वीर्यात प्रति मिली ०.१, १ आणि १० मायक्रोग्रॅम अशा पायऱ्या घेतल्या होत्या. आपणही याच पट्ट्यात राहावं. मिलीग्रॅमकडे जाऊच नये.

साक्रीकर भाऊ, आता हिशेब. कांडी ०.२५ मिलीची. १० मायक्रोग्रॅम प्रति मिली धरलं तर एका कांडीत २.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे १ मिलीग्रॅम प्रथिनात ४०० कांड्या. १ मायक्रोग्रॅम प्रति मिली पुरलं तर ४,०००. जैवरसायनं विकणाऱ्या कंपन्या हे मिलीग्रॅमच्या कुपीत देतात. टाइप ३ त्यातल्या त्यात परवडतं, कारण ते ई. कोलाय जिवाणूत सहज तयार होतं. त्यात गंधकाचे पूल नाहीत, साखर जोडावी लागत नाही, घडी आपोआप बसते. टेनेब्रिओच्या चिमुकल्या प्रथिनात आठ पूल असतात, ते नीट जुळवणं कष्टाचं. आणि अंटार्क्टिक माशाचं साखरवालं प्रथिन एकतर माशातून काढावं लागतं किंवा रसायनशाळेत जोडावं लागतं.

केळीबाग_रावेर
धागा पशुपालनाचा आहे, तरी विचारतो. आमच्याकडे जानेवारीत पारा उतरला की कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, वाढ बसते, पानं पिवळी पडतात, निसवणीला आलेल्या झाडांचे घड पोग्यातच अडकतात. या माशाच्या प्रथिनाचा जनुक केळीत टाकला तर थंडीचा चटका वाचेल का?

हिमकण
रावेरवाले भाऊ, नाही वाचणार, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. केळीला १२-१३ अंशांखाली इजा सुरू होते. त्या तापमानाला बर्फाचा एक कणही नसतो. पेशीच्या पडद्यातली स्निग्ध द्रव्यं घट्ट होतात, मुळांची पाणी ओढण्याची ताकद घटते, सालीखालचा चीक साकळून तपकिरी रेषा पडतात. एएफपी चिकटतं ते बर्फाला. बर्फच नसेल तर ते कशाला चिकटणार? यावर उपाय तुमच्याकडे चालतात तेच. रात्री विहिरीचं पाणी, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. पहाटे बागेच्या कडेने धूर, वाऱ्याच्या बाजूला शेवरीची किंवा गजराज गवताची आडोशाची ओळ, घडांना स्कर्टिंग बॅग.

पाटणादेवी
केळीचा विषय निघालाच आहे तर थोडं पुढे. केळीच्या जाती मात्र खरोखर द्रव नायट्रोजनमध्ये जपल्या जातात. बेल्जियममध्ये लुव्हेनला केळीचा जागतिक जातिसंग्रह आहे, तिथे ही पद्धत रुळलेली आहे. टिश्यू कल्चरच्या रोपातून जेमतेम एक मिलिमीटरचा शेंडा काढतात. तो २ मोलर ग्लिसरॉल आणि ०.४ मोलर साखरेत २० मिनिटं ठेवतात. मग ३० टक्के ग्लिसरॉल, १५ टक्के इथिलीन ग्लायकॉल, १५ टक्के डीएमएसओ अशा दाट द्रावणात शून्य अंशाला ३० ते ४० मिनिटं. शेवटी अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पट्टीवर १५ मायक्रोलिटरच्या थेंबात ठेवून थेट नायट्रोजनमध्ये. बाहेर काढताना पट्टी १.२ मोलर साखरेच्या द्रावणात १५ मिनिटं. यात बर्फ होऊच देत नाहीत, पाणी काचेसारखं थिजतं. भ्रूणाच्या व्हिट्रिफिकेशनचं, म्हणजे काचेसारखं थिजवण्याचं, सूत्र हेच. प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर करणाऱ्या आपल्या जळगावच्या मुलांनी हे जरूर करून बघावं. लागणारी रसायनं सगळी हाताशी असतात.

आणि एक लक्षात घ्या, गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, तेच इथे शुद्ध रूपात भ्रूणाला वापरतात. नावातल्या सारखेपणामुळे लोक एएफपी आणि ते एकच समजतात. दोन्हींचं काम पूर्ण वेगळं.

भ्रूणपेटी
आता भ्रूणाकडे येते.

मंद गोठवणीत सातव्या दिवसाचा भ्रूण (मोरुला किंवा ब्लास्टोसिस्ट अवस्थेतला) १.५ मोलर इथिलीन ग्लायकॉलमध्ये ५ ते १० मिनिटं ठेवायचा आणि ०.२५ मिलीच्या कांडीत मधल्या स्तंभात भरायचा. दोन्हीकडे हवेचे बुडबुडे, पलीकडे द्रावणाचे स्तंभ. कांडी यंत्रात उणे ६ अंशांला. दोन मिनिटांनी सीडिंग, म्हणजे नायट्रोजनमध्ये बुडवलेला चिमटा भ्रूणाच्या स्तंभाला नाही तर वरच्या स्तंभाला टेकवायचा. तिथे पांढरा ठिपका उमटतो आणि पसरतो. ८ ते १० मिनिटं थांबायचं. मग मिनिटाला ०.५ अंश या गतीने उणे ३२ पर्यंत. एवढ्याला ५२ मिनिटं लागतात. तिथून थेट नायट्रोजन.

यात सगळ्यात जास्त चुकतं ते सीडिंग. वरचा स्तंभ पांढरा झाला पण मधला झालाच नाही, असं होतं. मग भ्रूणाभोवतीचं पाणी उणे १२-१५ पर्यंत द्रवच राहतं आणि एकदम गोठतं. पेशीतलं पाणी बाहेर यायला वेळ मिळत नाही, आतच बर्फ होतो. म्हणून थांबण्याच्या त्या दहा मिनिटांत प्रत्येक कांडी किंचित वर उचलून मधला स्तंभ दुधी झालाय का ते पाहायचं. एएफपी ही चूक झाकू शकत नाही. बर्फाची सुरुवात करून देणं किंवा टाळणं हे त्याचं कामच नाही. ते वाढीवर काम करतं.

व्हिट्रिफिकेशनमध्ये मात्र त्याला जागा आहे. १५ टक्के इथिलीन ग्लायकॉल, १५ टक्के डीएमएसओ, ०.५ मोलर सुक्रोज, त्यात ६० ते ९० सेकंद. भ्रूण किंवा अंडपेशी ०.१ मायक्रोलिटरहून कमी द्रवासह पट्टीच्या टोकावर आणि लगेच नायट्रोजनमध्ये. इथे थंड होताना बर्फ होत नाही. धोका वितळवताना असतो, काच मोडून बारीक स्फटिक उगवतात आणि वाढतात. मझूर आणि सेकी यांनी २०११ मध्ये उंदराच्या अंडपेशींवर दाखवलं की जगण्या-मरण्याचा निकाल थंड करण्याच्या वेगापेक्षा गरम करण्याच्या वेगावर लागतो. म्हणून पट्टी हवेत न रेंगाळता सरळ ३७ अंशांच्या १ मोलर सुक्रोजमध्ये, एका सेकंदाच्या आत. एक मिनिटाने ०.५ मोलरमध्ये तीन मिनिटं.

एएफपी घालायचं तर गोठवणाऱ्या आणि वितळवणाऱ्या, दोन्ही द्रावणांत घालावं. उंदराच्या अंडपेशींवरच्या कोरियातल्या कामात टाइप ३ ची मात्रा प्रति मिली ५०० नॅनोग्रॅम होती. म्हणजे १० मिली द्रावणाला ५ मायक्रोग्रॅम. १ मिलीग्रॅम प्रति मिलीचा साठा असेल तर फक्त ५ मायक्रोलिटर.

म्हशीच्या भ्रूणाबद्दल दोन शब्द. त्यात चरबीचे थेंब जास्त, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ते काळपट दिसतात. ते वाढतातही थोडे लवकर, त्यामुळे सहाव्या-साडेसहाव्या दिवशीच धुऊन काढावे लागतात. चरबीमुळे थंडीची इजा बर्फाआधीच होऊन बसते.

मेहरूण
भ्रूणपेटी ताई, शेवटच्या वाक्यावर माझा मुद्दा आहे. बर्फाआधीच्या थंडीच्या इजेतही ही प्रथिनं मदत करतात असं रुबिन्स्की, आराव आणि डीव्हराइज यांनी १९९० च्या सुमारास डुकराच्या अंडपेशींवर मांडलं होतं. पडद्यातून आयनांची गळती थांबते असं त्यांचं म्हणणं. मग "बर्फच नसेल तर कशाला चिकटणार" हे हिमकणांचं वाक्य जरा जास्त ठाम नाही का?

हिमकण
मुद्दा योग्य आहे, माझं वाक्य केळीपुरतं ठेवतो. पण त्या प्रयोगांत साखरवालं प्रथिन होतं आणि मात्रा ४० मिलीग्रॅम प्रति मिलीच्या घरात, म्हणजे माशाच्या रक्ताइतकी. आपण बोलतोय त्याच्या हजारो पट जास्त. शिवाय पडद्यांवरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कृत्रिम स्निग्ध पिशव्यांत गळती थांबली, तर पालकाच्या पानातल्या हरितकणांच्या पडद्याला त्याच साखरवाल्या प्रथिनाने नुकसान केलं. पडदा कुठल्या स्निग्ध द्रव्यांचा आहे यावर सगळं ठरतं. उंदराच्या हृदयांचंही असंच झालं. १९९४ च्या प्रयोगात फायदा दिसला नाही, आणि २००४ मध्ये मात्र टाइप १ आणि ३ घालून न गोठवता उणे १.३ अंशांला २४ तास जपलेली हृदयं पुन्हा धडधडली. म्हणून एका पेशीचा निकाल दुसरीला लावू नये. म्हशीचा शुक्राणू, गीरचा भ्रूण, दोन्हींची परीक्षा वेगवेगळीच घ्यावी लागेल.

मेहरूण
मान्य. जाता जाता, भ्रूण गोठवणीत आपल्या देशाचं नाव राहिलं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ साली आठ पेशींचा मानवी भ्रूण डीएमएसओत ५३ दिवस गोठवून मग रोपण केला होता. ३ ऑक्टोबर १९७८ ला त्यातून दुर्गाचा, भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा, जन्म झाला. त्यांच्या हयातीत त्यांना कोणी मानलं नाही, हे आजही सलतं.

कुपी_नंबर_७
प्रथिन हाताळण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. चांगलं प्रथिन इथेच वाया जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

कुपीत पावडर अगदी तळाला चिकटलेली असते, कधी दिसतही नाही. उघडण्याआधी एक मिनिट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर झाकणासोबत निघून जाईल. थंड फॉस्फेट बफर टाका, कुपी तळहातांमध्ये हळू फिरवा. व्होर्टेक्स करू नका, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळू नका. फेस आला की फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी मोडते. साठा १ मिलीग्रॅम प्रति मिली ठेवा, ५०-५० मायक्रोलिटरच्या नळ्या करा, उणे ८० ला ठेवा. एकदा काढलेली नळी परत गोठवायची नाही.

गाळणी ०.२२ मायक्रॉनची, पण पीव्हीडीएफ किंवा पीईएस पडद्याची. नायट्रोसेल्युलोजची गाळणी प्रथिन ओढून घेते आणि खाली नुसतं बफर उतरतं. नॅनोग्रॅमच्या पातळीला प्लास्टिकची भिंतही प्रथिन खाते, म्हणून पातळ द्रावण नेहमी अल्ब्युमिन (रक्तातलं साधं प्रथिन) असलेल्या माध्यमात करा. भ्रूणाच्या माध्यमात बहुधा ४ मिलीग्रॅम प्रति मिली असतंच.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे एंडोटॉक्सिन. ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनासोबत त्याच्या भिंतीचा अंश येतो. भ्रूण त्याने खचतात आणि दोष "एएफपी विषारी आहे" म्हणून प्रथिनावर जातो. विकत घेताना एंडोटॉक्सिनचा आकडा मागा. प्रयोगात एक गट असाही ठेवा ज्यात तेवढंच अल्ब्युमिन घातलंय, एएफपी नाही. फायदा दिसला तर तो एएफपीचा की कुठल्याही प्रथिनाचा, हे त्याशिवाय कळणार नाही.

शून्याखाली१९६
तापीकाठ दादांनी मे महिन्याचं विचारलं होतं, त्याला कोणी हात लावला नाही.

कांडी नायट्रोजनच्या कंटेनरमधून पूर्ण बाहेर काढून ४५ अंशांच्या हवेत धरली की काही सेकंदांत ती उणे १३० च्या वर जाते, कारण ०.२५ मिलीच्या बारीक कांडीत उष्णता साठवण्याची ताकदच नसते. परत आत टाकली की वरून काही कळत नाही. पण सूक्ष्मदर्शक ताईंच्या कुल्फीत झालं तेच आत झालेलं असतं. असं दिवसातून पाच-सहा वेळा झालं की नुकसान साचत जातं. कॅनिस्टर, म्हणजे कांड्या ठेवायचा आतला डबा, मानेतल्या दवाच्या पांढऱ्या रेषेच्या वर आणायचाच नाही. तोंडापासून ५-७ सेंटिमीटर खाली ठेवूनच चिमट्याने कांडी काढायची. ५ ते ८ सेकंदांत सापडली नाही तर कॅनिस्टर खाली सोडून, पुन्हा गार होऊ देऊन, परत बघायचं. कुठल्या गॉब्लेटमध्ये (कॅनिस्टरमधल्या छोट्या पेल्यात) कुठला वळू ते वहीत लिहिलेलं असेल तर शोधाशोधच होत नाही.

बर्फवाढ रोखणारं प्रथिन सगळ्यात जास्त कामाला येईल ते इथे, या छोट्या-छोट्या उबेच्या झटक्यांत, असं माझं मत आहे. पण नायट्रोजन संपलेल्या कंटेनरला कुठलंही प्रथिन वाचवणार नाही. पातळी लाकडी पट्टीने मोजा. पट्टी तळापर्यंत १० सेकंद बुडवून काढून हलवली की पांढरं दव जिथपर्यंत धरतं, तेवढा नायट्रोजन. पोकळ नळी कधीही घालू नका, नायट्रोजन तोंडावर उसळतो. उन्हाळ्यात कंटेनर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आणि बंद खोलीत तर मुळीच नाही. १ लिटर नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. ३५ लिटरचा कंटेनर १० फूट बाय १० फूट खोलीत सांडला तर जवळपास खोलीभर वायू होतो आणि हवा बाहेर ढकलली जाते, आणि माणसाला गुदमरल्याचं कळतही नाही.

कांडीवाला
शून्याखाली भाऊ, हाच प्रयोग करायला हवा! नुसतं "एएफपी घातलं, हालचाल दोन टक्के वाढली" यात अर्थ नाही. एकाच रेड्याचं एकच वीर्य दोन भागांत विभागा, एकात एएफपी, एकात अल्ब्युमिन. दोन्हींत ६.४ टक्के ग्लिसरॉल, २० टक्के अंड्याचा बलक, ट्रिस, ४ अंशांला चार तास. गोठवल्यावर अर्ध्या कांड्या तशाच ठेवा. उरलेल्या कांड्यांना ठरवून झटके द्या, मानेच्या वर १० सेकंद, पुन्हा आत, असं पाच वेळा. मग तपासा.

सूक्ष्मदर्शक
आणि तपासताना नुसत्या हालचालीवर थांबू नका. हायपो-ऑस्मोटिक चाचणी लावा. पातळ द्रावणात ३७ अंशांला तासभर ठेवल्यावर ज्याची शेपटी वळते त्याचा पडदा शाबूत. गिम्सा रंग लावून शाबूत अ‍ॅक्रोसोम (शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी) मोजा. हालचाल वितळवल्याबरोबर आणि दोन तासांनी, दोन्ही वेळा बघा. मोजणाऱ्याला कुठली कांडी कुठल्या गटाची हे माहीत नसावं. कांडीचा रंग वेगळा ठेवला की मोजणारा ओळखतो, म्हणून रंग एकच आणि छापलेला आकडा वेगळा.

गाभण राहण्याचा निकाल इतक्यात मागू नका. ४० टक्क्यांवरून ४५ टक्के झाले हे ठामपणे म्हणायचं तर प्रत्येक गटात सुमारे १,५०० म्हशी लागतात. शंभर-दोनशे म्हशींवरून कोणी दावा करत असेल तर तो मनावर घेऊ नका.

तापीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लिसरॉल निम्म्यावर आणण्याचं माझं मत मागे घेतो. ते पेशीच्या आतलं काम आहे, हे हिमकणांनी पटवून दिलं.

आता आराखडा असा. भ्रूणांत सध्या एएफपी नाही, आधी सीडिंगची प्रत्येक कांडी तपासून नोंद करायची. वीर्यात टाइप ३, प्रति मिली ०, ०.१, १ आणि १० मायक्रोग्रॅम. शून्याच्या गटात अल्ब्युमिन. सहा रेडे, प्रत्येकाचे चार वेळचे वीर्य, म्हणजे २४ नमुने. प्रत्येक गटाच्या अर्ध्या कांड्यांना झटके, अर्ध्या शांत. वितळवणं ३७ अंशांला ३० सेकंद. काही राहिलं का?

कांडीवाला
नियम मात्र सोडू नका. कांडीत २ कोटी शुक्राणू आणि वितळवल्यावर किमान ५० टक्के हालचाल. त्याखालची कांडी प्रयोगातली असली तरी गावात जाता कामा नये.

शून्याखाली१९६
एक राहिलं. ते ३७ अंश हाताने ओळखू नका. मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच ४० च्या वर येतं, आणि जानेवारीत पहाटे शिरपूर-तळोद्याकडे तेच पाणी १५ ला असतं. दोन्ही वेळा पाणी "नळाचं"च असतं. थर्मासमध्ये पाणी आणि त्यात थर्मामीटर. कांडी बाहेर काढली की कोरड्या कापडाने पुसून मगच कात्री लावा, कारण टोकाला लागलेला पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणूंच्या शेपट्या तिथेच वळतात. मग सूक्ष्मदर्शक ताईंच्या चाचणीत प्रथिनाचा दोष दिसेल, जो मुळात पाण्याचा असेल.